पाटीतलं शेवटचं ताट

तुझ्या मातीला चार वेगवेगळ्या चर्चचे चार पाळक आले होते, रिबका. आणि कबरीच्या कडेला उभं राहून चौघांची कुजबुज कशावरून चालली होती, सांगू? गीत कुठल्या चालीवर म्हणायचं यावरून! शब्द एकच, पण आमच्या दगडी देवळाची चाल निराळी, तुमच्या पत्र्याच्या देवळाची निराळी, बाकी दोघांची आणखी निराळी. तू असतीस तर पदर खोचून म्हणाली असतीस, "आवं पाळकसायेब, ऊन लय झालंय, म्हणा की कायतरी." तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या आपल्या शिबिराच्या पोरापोरींनी सुरुवात केली. तू कोयनानगरला जात्यावरच्या ओवीसारखी जी चाल बसवली होतीस, तिच्यावर. पाळकांना मुकाट्यानं मागून म्हणावं लागलं. सगळे म्हणत होते, माझं मात्र तोंड उघडलं नाही. मला तुझा राग आला होता. चौतिसाव्या वर्षी काविळीनं जायचं, ही काय रीत झाली?

काल साताऱ्याला परत आले. शाळेच्या क्वार्टरचं कुलूप काढलं, स्टोव्ह पेटवला, भात टाकला आणि आईचं पितळी ताट घेऊन जेवायला बसले. समोर कुणी नाही, बोलायला कुणी नाही. हे काही नवीन नाही, आई गेल्यापासून मी अशीच जेवते. पण काल घास उतरेना. शेवटी ताट तसंच झाकून ठेवलं आणि कागद घेतला.

तुला ठाऊक आहे, मी तोंडाची फटकळ. शाळेतल्या पोरी मला मागून लवंगी मिरची म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट मी सहा वर्षं कुणाला बोलले नाही, तुलाही नाही. आपण दोघींनी मिळून चारही चर्चच्या पोरांची सहा शिबिरं घेतली. ज्या एका नियमावर ती उभी राहिली तो नियम मी, शिबिराची मुख्य बाई, एकदाही पाळला नाही. तुला हे कळलं होतं की नाही, याची धास्ती घेऊन मी तुझ्याशेजारी चुलीपाशी बसत होते. परवा तुझ्या दारात मला त्याचं उत्तर मिळालं. तुझ्याकडून मिळायला हवं होतं.

आपली ओळख दुष्काळातली. जत तालुक्यात चार चर्चनी मदतीच्या चार चुली मांडल्या होत्या, हाकेच्या अंतरावर. प्रत्येकाची पातेली वेगळी, प्रत्येकाची लाल मिलो ज्वारी वेगळी, प्रत्येकाची प्रार्थनाही वेगळी. मी साताऱ्याहून आमच्या चर्चच्या चार मुली, एक रजिस्टर आणि गळ्यात शिट्टी घेऊन आले होते. तू सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर वाड्यावस्त्यांवर देवीच्या लशी टोचत हिंडायचीस आणि सुटलीस की तुमच्या चुलीवर यायचीस. टँकर एक दिवसाआड येई. एका दुपारी तू हात पुसत पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस.

"आवं अक्का, चार चुलींची चार पातेली घासाया लागत्यात. एकच चूल केली तर तेवढं पाणी पोरास्नी प्यायला हुईल. उपाशी माणूस भाकर कुठल्या देवळाची हाय ते इचारतंय व्हय?"

मी रुबाबात म्हटलं, "मला वडिलांना विचारावं लागेल." माझे वडील म्हणजे तेव्हाचे आमच्या दगडी देवळाचे पाळक.

"इचारा की. तवर मी चुलीची दगडं हलवून घेते."

वडिलांचं उत्तर पोस्टानं आलं तोवर चूल एक होऊन आठ दिवस झाले होते. ते बुडवून बाप्तिस्मा देणारं चर्च आठवतं? त्यांची त्या वर्षी फार पंचाईत झाली होती, बुडवायला पाणी आणणार कुठून? त्यांच्या पाळकांना तू तोंडावर म्हणालीस, "औंदा आमच्यासारखं शिंपडून घ्या, देव काय रागवायचा न्हाई." ते बिचारे हसावं की रागवावं या विचारात राहिले. मी मात्र खळखळून हसले. घरी कुणी हसत नसे, रिबका. पाळकाच्या घरात हसू मोजूनमापून. तुझ्यासोबत मी पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसले.

पाऊस आला, चूल मोडायची वेळ आली. त्या दिवशी आपण दोघी एकच मोठं पातेलं राखेनं घासत होतो. तू म्हणालीस, "आता बगा, दुष्काळ सरला की परत चार चुली व्हणार. मोठी माणसं काय सुधरायची न्हाईत. पोरं मोठी व्हायच्या आत कायतरी कराया पायजे." आता लोक विचारतात, शिबिराची कल्पना कुणाची? वडील पाळक होते तोवर प्रत्येक वार्षिक अहवालात "काही तरुण भगिनींच्या प्रेरणेने" असं लिहीत राहिले. खरं तर ती एका पातेल्यापाशी बसून निघालेली गोष्ट आहे.

मी चारही पाळकांना सुवाच्य अक्षरात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. तू एसटीनं आणि पायी गावोगाव गेलीस, आयांशी चुलीपुढं बसून बोललीस, आणि पुढच्या मे महिन्यात कोयनानगरच्या सुट्टी लागलेल्या शाळेत चाळीसेक पोरंपोरी येऊन उतरली. सूचनापत्रक माझंच होतं: येताना ताट, तांब्या, अंथरूण-पांघरूण आणि गीतांचे पुस्तक आणावे.

पहिल्याच दुपारी पोरं चार कोपऱ्यांत चार घोळके करून जेवली. मी शिट्टी वाजवून वाजवून थकले, कुणी जागचं हललं नाही. जेवून ताटं घासली तीही चार ढिगांत, व्हरांड्यात चार जागी. आणि मग ती धरणी हलली. कोयनेच्या लोकांना त्याचं काही नाही, ते म्हणतात, "हाललं जरा." पण आमची सांगली-जतची पोरं! किंचाळत मैदानात पळाली. मला अजून आठवतो तो ताटांचा आवाज. सगळी ताटं एकदम थरथरून वाजायला लागली आणि चारही ढीग कोसळून व्हरांडाभर पसरले.

कुणाला काही लागलं नाही. पण पोरं परत आली आणि ज्याची त्याची ताटं हुडकायला लागली. एका ताटाला दोघांनी हात घातला. त्यातला एक झटक्यानं हात काढून म्हणाला, "ई! हे त्यांच्यातलं दिसतंय. मी न्हाई यात जेवणार."

'त्यांच्यातलं' म्हणजे काय, हे सांगायची गरज कुणालाच नव्हती. आपले आजे-पणजे ख्रिस्ती झाले ते दोन आळ्यांतून. गावाच्या लेखी दोन्ही आळ्या गावकुसाबाहेरच्याच, तरी आमच्या आळीनं तुमच्या आळीचं पाणी कधी घेतलं नव्हतं. देव बदलला, नावं बदलली, देवळाला घंटा आली, पण कोण कुठल्या आळीतून आलं ते कुणी विसरलं नाही. मी परत शिट्टी तोंडाला लावली. तू कुठूनशी एक मोठी वेताची पाटी आणलीस, सगळी ताटं तिच्यात भरलीस आणि कमरेवर हात ठेवून सांगितलंस,

"भूकंपानं सरमिसळ केलीया. आता ती मोडायची न्हाई. पाटीतनं जे ताट हाताला येईल त्यात जेवायचं. ताटावरचं नाव वाचायचं. जेवून झालं की ते घासायचं आन् त्या नावाचं माणूस हुडकून त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. म्हणायचं, सलाम, तुमच्या ताटात मी जेवलो. ज्याचं ताट हाय त्यानं इचारायचं, पोट भरलं का? मग फुडं बोला काय बोलायचं ते."

ज्यांच्या ताटांवर नावं नव्हती त्यांनी त्याच दुपारी खिळा आणि दगड घेऊन ठोकून घातली. तुझं हलकं अ‍ॅल्युमिनियमचं, जर्मनचं ताट, काठाला पोचे आलेलं. तूही खिळ्यानं ठिपके ठोकलेस. 'रिबका'तला शेवटचा 'का' जागा न पुरल्यामुळं खाली गेला. त्यावरून पोरं चार दिवस तुला चिडवत होती.

चाळीस ताटं पाटीत गेली, रिबका. एक गेलं नाही.

निघताना आईनं तिचं पितळी ताट माझ्या पिशवीत घातलं होतं. काठावर 'सौ. सगुणा' असं कोरलेलं, आदल्याच दिवशी कल्हई केलेलं. म्हणाली, "सगळं कर बाई, त्यांच्यात बस, ऊठ, गीतं म्हण. पण ताट आपलं आपल्याजवळ ठेव." मी तिच्याशी वाद घातला नाही. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, 'बरं' म्हणायला काय जातं? पण पाटी समोर आली तेव्हा ताट पिशवीतून निघेना. माझा हातच पुढं झाला नाही. त्याच संध्याकाळी मी पोरांसमोर उभी राहून, आपण सगळे एकाच शरीराचे अवयव कसे आहोत, यावर पाऊण तास बोलले. छान बोलले म्हणे.

चाललं कसं, तर फार सोपं. शिबिर चालवणाऱ्यांनी शेवटी जेवायचं हा आमच्याकडचा रिवाज. पोरं जेवून गेली की स्वयंपाकघरात आपण दोघीच उरायचो. तू पाटीतलं शेवटचं ताट घ्यायचीस, कुणाचं का असेना, आणि नाव मोठ्यानं वाचायचीस, "आज मी दावीदाच्या ताटात!" मी पिठाच्या डब्यामागून आईचं ताट काढायची. पहिल्या दिवशी म्हटलं, पोट नाजूक आहे. दुसऱ्या दिवसापासून काहीच म्हटलं नाही. तू माझ्या ताटाकडे कधी बघितलं नाहीस. मी समजले, तुझ्या ध्यानात आलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी आपण सांगलीजवळ कृष्णाकाठी होतो, एका जैन शेतकऱ्याच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये. त्यांची अट एकच, चार दिवस मटण-अंड्याचं नाव काढायचं नाही. पोरांची तोंडं उतरली. तू म्हणालीस, "फुकटचा गूळ खाताना न्हाई वाटत वाईट!" त्या वर्षीपासून पाटीचा बोलबाला झाला. पोरं आधीच पैजा लावायची, आज कुणाचं ताट येतंय. पुढं त्या पाटीनं दोन लग्नं जुळवली. चारही पाळकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग लग्नं लावली, मग जेवायला सगळ्यांच्या आधी बसले.

आणि आणीबाणीच्या वर्षीचं पाचगणी! जमाव कसला जमवलाय हे बघायला एक हवालदार आला होता, मिशीवाला, दंडुका घेऊन. मी परवानगीचे कागद शोधता शोधता घामाघूम. तू त्याला म्हणालीस, "कागद घावंपतोर जेवून घ्या की, सायेब. पर आमचा एक नियम हाय." पाटीतून ताट काढून त्याच्या हातात दिलंस. तो ताट हातात धरून एक क्षण थांबला, रिबका. तुला दिसलं की नाही कोण जाणे, मला दिसलं. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. मग तो हसला, "घरी सांगू नका म्हंजी झालं," म्हणाला आणि मांडी घालून बसला. तीन भाकरी खाल्ल्या गड्यानं. ताट घासलं. ताटावर नाव होतं 'सारा'. तुमच्या जतची ती काडीसारखी पोर, पोलिसाला बघून खांबामागं लपलेली. तो तिच्यासमोर गेला, टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, "सलाम. तुमच्या ताटात मी जेवलो." सारा खांबाला धरून म्हणाली, "पोट भरलं का, सायेब?" सगळं शिबिर हसून लोळलं. तू तर डोळ्याला पदर लावून हसत होतीस.

मीही हसले. मग मागच्या हौदापाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि रडले. परक्या माणसाला, खाकीतल्या माणसाला जे जमलं ते पाळकाच्या लेकीला जमलं नव्हतं. तोवर आईलाही जाऊन वर्ष झालं होतं. आता तिला दिलेला शब्द म्हणावा तर तो शब्दसुद्धा नव्हता, नुसतं 'बरं' होतं. उद्यापासून ताट पाटीत टाकायचं असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी टाकलं नाही. मला लाज वाटत होती ती आता ताटाची नव्हती, इतके दिवस लपवल्याची होती. आज टाकलं तर सगळे म्हणतील, हे इतके दिवस कुठं होतं?

आणखी एक सांगते, हे मी स्वतःलाही फार उशिरा कबूल केलं. दुपारी जेवणं झाली की शिबिरात जिकडंतिकडं जोड्या बसलेल्या असायच्या. झाडाखाली, पायरीवर, नळापाशी. कुणी कुणाला आपल्या गावचं सांगतंय, कुणी घरचं गाऱ्हाणं मांडतंय. तुझ्याकडे तर रांग लागायची. मी शिट्टी गळ्यात घालून त्यांच्यामधून फिरायची. पोरं उठून उभी राहायची, "सलाम बाई" म्हणायची आणि मी पुढं गेले की परत खाली बसायची. सहा शिबिरांत मला हुडकत कुणी आलं नाही, रिबका. ताटच पाटीत नव्हतं, तर येणार कोण? मला वाटायचं, मी त्यांच्या ताटापासून लांब राहतेय. खरं तर माझ्यापाशी कुणी यायची वाट मीच बुजवून टाकली होती. तेव्हा कळलं असतं तर काय केलं असतं, ते सांगता येत नाही. बहुतेक शिट्टीच वाजवली असती.

गेल्या मे महिन्यात शिबिर जतला, तुझ्या गावी. तुझ्या अंगात वारं शिरलं होतं. मंडप तू घातलास, पाण्याचा टँकर तू आणवलास. आणि पहिल्या दुपारी पंगत बसताना तू सगळ्यांदेखत माझा हात धरलास.

"अक्का, औंदा आपण दोघी पयल्या पंगतीला बसू. पोरांत. एकदा तरी."

"चालवणाऱ्यांनी आधी बसायचं नसतं."

"माझ्या गावात माझं ऐका की. कवा बसलाय तुमी पोरांत?"

पाटी तिथंच होती. पोरं बघत होती. मला वाटलं, हिला कळलंय आणि ही मला चारचौघांत पकडतेय. माझ्या डोक्यात सणक गेली. मी काय बोलले ते अजून माझ्या कानातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते. मी म्हणाले, "तुमच्या लोकांना देवळाची पायरी चढायला शिकवलं ते माझ्या बापानं. तू मला पंगत शिकवू नकोस."

तू हात सोडलास. रागानं नाही, हळूच, गरम भांडं खाली ठेवावं तसा. म्हणालीस, "डाळ लागाया लागलीया, अक्का. बगून येते." आणि चुलीकडे गेलीस. शेवटी आपण दोघी जेवलो तशाच, तू पाटीतल्या शेवटच्या ताटात, मी आईच्या. त्या दिवशी तू ताटावरचं नाव मोठ्यानं वाचलं नाहीस.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी भांडणात पट्टीची आहे, भांडून मिटवायला येतं मला. पण दुसऱ्या सकाळी तू नेहमीसारखी, "अक्का, पीठ किती भिजवू?" थंडीत यंदाच्या शिबिराची बैठक झाली तेव्हाही पीठ, टँकर, सतरंज्या. मी प्रत्येक वेळी मनात म्हणायची, मे महिन्यात बोलेन. शिबिरात बोलेन. जिथं तुटलं तिथंच जोडेन. हा माझा शहाणपणा.

सांगलीच्या दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हा तू पिवळीजर्द. उशाशी उसाच्या रसाचा तांब्या. मरियम, तुझी धाकटी बहीण, पायाशी बसलेली, आजूबाजूला वॉर्डभर माणसं. मी वाक्य जुळवून आणलं होतं, एसटीत तीनदा म्हणून बघितलं होतं. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "जेवला का, अक्का?"

मी जेवले नव्हते. "जेवले," म्हटलं.

"औंदा पीठ कुठनं आणायचं?"

"तू बरी हो आधी. मग बघू."

एवढंच. मरियम तिथं नसती तर बोलले असते, असं मी वाटेत स्वतःला सांगितलं. पण ती मध्ये चहा आणायला गेली होती की! चांगली दहा मिनिटं. मी तुझ्या पांघरुणाची घडी सारखी करत बसले.

आता परवाचं सांगते. माती झाली, लोक तुझ्या दारी आले. शेजारच्या बायांनी भाकरी आणि डाळ करून आणली होती. घरात ताटं पुरेनात म्हणून आळीतून मागून आणली होती आणि शिबिराच्या पोरांनी, कुणी न सांगता, ती सगळी एका पाटीत भरली होती. मी भिंतीला टेकून बसले होते. मरियम आली आणि माझ्यापुढं पत्रावळ मांडली. एकटीच्या पुढं.

मी म्हटलं, "पत्रावळ का गं?"

ती संकोचली. "तुमी आईचं ताट आणलं नसंल म्हणून. आमच्या अक्कानं पयल्या सालापासनं सगळ्यास्नी सांगून ठेवलं हुतं. सुलोचनाअक्कांच्या आईचं ताट हाय, त्यांचा त्यात जीव हाय, कुणी मागायचं न्हाई आन् कुणी इचारायचं न्हाई."

"पहिल्या सालापासून?"

"व्हय. दर साली नवी पोरं आली की आधी हे सांगायची, मग नियम सांगायची."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, रिबका! चाळीसही पोरांना. मी डब्यामागं लपवत होते आणि तू माझ्याभोवती पडदा धरून उभी होतीस, सहा वर्षं. माझी आई जिवंत होती तेव्हापासून तू तिच्या आठवणीचं निमित्त मला देत होतीस. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मरियमला विचारलं, गेल्या वर्षीच्या भांडणाचं काही बोलली होती का?

ती म्हणाली, "एकदाच बोलली. म्हणाली, सा वर्सांत एकदाच मी त्यास्नी बोलावलं, आन् चारचौघांत बोलावलं. चुकलंच माझं. त्यांचं त्या आपसूक आल्या असत्या."

चुकलं तुझं! ऐकलंस का काय म्हणतेस ते? मी तुझ्या आळीवर बोट दाखवलं, तुझ्या दारात, तुझ्या पोरांदेखत, आणि चूक तू पदरात घेऊन गेलीस. हा तुझा चांगुलपणा मला सोसवत नाही, हे तुला स्पष्ट सांगते. तू मला एक चापट मारायची होतीस. निदान "अक्का, खोटारड्या हायसा तुमी" म्हणायचं होतंस. आता मी कुणाशी भांडू?

मी पत्रावळ उचलून बाजूला ठेवली आणि उठले. पंगत बसली होती, पाटी रिकामी होत आली होती. तळाशी एकच ताट उरलं होतं. जर्मनचं, पोचे आलेलं, काठावर खिळ्याचे ठिपके, शेवटचं अक्षर खाली गेलेलं. ते घ्यायचा धीर कुणाला झाला नव्हता. मी घेतलं. पोरांमध्ये जाऊन बसले, सारा आणि दावीदाच्या मध्ये. ती दोघं सरकली, पण कुणी उठून उभं राहिलं नाही. मरियमनं भाकरी वाढली, डाळ वाढली. आईचा आवाज कानात आला, खोटं कशाला बोलू, आला. तरी पहिला घास घेतला.

काही झालं नाही गं. डाळ डाळीसारखी लागली, मीठ जरा कमी होतं. सहा वर्षं ज्याला धरून बसले ते एवढंच होतं.

मे महिन्यात शिबिर होणार. पोरांनीच परवा ठरवलं, पाळकांना नुसतं कळवलं. आईचं ताट या वर्षी पाटीत जाईल. कुणीतरी पोरगं त्यात जेवेल आणि 'सगुणा कोण?' म्हणून विचारत फिरेल. मला बसून सांगावं लागेल सगळं, आळ्यांसकट. शिट्टी मी मरियमला देणार आहे, तिला हौस आहे.

जेवून झाल्यावर मी तुझं ताट चुलीतली राख घेऊन घासलं. दोनदा घासलं. उन्हात पालथं घातलं. लोक एसटीच्या गडबडीत होते, आमच्या पाळकांनी मला हाक मारली, मी म्हटलं तुम्ही व्हा पुढं. आणि नियमाप्रमाणे, ज्याचं ताट त्याला हुडकत निघाले. फार लांब जायचं नव्हतं. माती अजून ओली होती, कुणीतरी तरवडाची फुलं टाकली होती. भर दुपार, दफनभूमीत चिटपाखरू नाही. मी चप्पल काढली आणि तुझ्या शेजारी, अगदी शेजारी, मांडी घालून बसले.

म्हटलं, "सलाम, रिबका. तुझ्या ताटात मी जेवले."

आता पोट भरलं का हे तू विचारायचं होतंस. मी थांबले. शेवटची एसटी गेली तोवर थांबले.